तीन दिवसांत शांघाय कसे पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, नोव्हेंबरमध्ये यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनासाठी आपण पुण्याहून शांघायला जात आहात, सोबत पत्नी आहेत आणि त्या शाकाहारी आहेत. प्रदर्शन संपल्यावर तीन दिवस हाताशी राहतात. ते सगळे शांघायला द्यावेत, की एक दिवस सुझौ आणि एक दिवस हांगझौ करून यावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. खरेदीच्या कामानिमित्त माझे शांघायला अनेक वर्षे जाणे-येणे आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्या सहकाऱ्यांना शहर दाखवण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येत आले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तिन्ही दिवस शांघायलाच द्यावेत. वेगवान रेल्वेने सुझौ अर्ध्या तासावर आणि हांगझौ सुमारे तासाभरावर आहे हे खरे. परंतु हॉटेलपासून होंगछ्याओ स्थानकापर्यंतचा प्रवास, सामानाची तपासणी, पासपोर्ट दाखवून आत जाणे, पुन्हा तिकडच्या स्थानकापासून बागेपर्यंत किंवा तलावापर्यंत पोहोचणे आणि हेच सारे उलट करून परतणे, यात दिवसाचा मोठा भाग जातो. सुझौच्या बागा निवांतपणे पाहायच्या आहेत, आणि तो निवांतपणा अशा दिवसात मिळत नाही.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. बहुतेक पाहुणे शांघायमध्ये ठिकाणांची यादी घेऊन फिरतात, प्रत्येक ठिकाणी गाडीने जातात, छायाचित्र काढतात आणि दोन दिवसांत शहर संपले असे समजतात. प्रत्यक्षात शांघाय ही एकमेकींना चिकटलेली चार वेगवेगळी शहरे आहेत. पहिले म्हणजे तटबंदीच्या आतले जुने चिनी गाव. दुसरे, पहिल्या अफूयुद्धानंतर 1842 मध्ये नानजिंगचा तह होऊन 1843 मध्ये बंदर परकीयांना खुले झाल्यावर त्या गावाबाहेर उभ्या राहिलेल्या परकीय वसाहती. तिसरे, नद्यांच्या काठचे गिरण्या, गोद्या आणि गोदामांचे कामगार शहर. चौथे, 1990 मध्ये पुडोंगच्या विकासाचा निर्णय झाल्यावर नदीच्या पूर्वेला उभे राहिलेले काचेच्या मनोऱ्यांचे शहर. या चारही शहरांच्या सीमा आजही जमिनीवर दिसतात, पण त्या चालणाऱ्यालाच दिसतात. म्हणून माझा सल्ला असा की ठिकाणे कमी ठेवावीत आणि एका शहरातून दुसऱ्यात पायी जावे.

त्याआधी तयारीबद्दल, कारण चीनमध्ये पहिला दिवस फुकट जातो तो बहुधा पैसे आणि इंटरनेट या दोन गोष्टींमुळे. रस्त्यावरच्या भाजीवाल्यापासून मोठ्या दुकानापर्यंत सगळीकडे मोबाइलवरून क्यूआर कोडने पैसे दिले जातात. आपल्याकडच्या यूपीआयची सवय असल्यामुळे पद्धत नवी वाटणार नाही, परंतु यूपीआयवर तेथे विसंबून राहू नये. भारतातूनच अलीपे हे पैसे देण्याचे चिनी ॲप घ्यावे, पासपोर्टची माहिती भरून ओळख पडताळून घ्यावी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडावे. त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत याची बँकेकडून खात्री करून घ्यावी. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या एका व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यावरच्या व्यवहाराला 3 टक्के लागतात. वीचॅट या दुसऱ्या चिनी ॲपवरही तेच कार्ड जोडून ठेवावे, म्हणजे एक अडले तर दुसरे चालेल. आपण दोघांनीही आपापल्या मोबाइलवर हे करावे, कारण मेट्रोच्या फाटकातून एका कोडवर दोघांना जाता येत नाही. शे-दोनशे युआनच्या लहान नोटा जवळ असू द्याव्यात.

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप आणि फेसबुक चीनमधल्या इंटरनेटवर चालत नाहीत. मात्र आपले भारतीय सिम रोमिंगवर असेल किंवा प्रवासासाठीचे परदेशी ई-सिम घेतले असेल, तर डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो आणि या सेवा सहसा चालतात. हॉटेलच्या वायफायवर गेलात की त्या बंद पडतात. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येणार असल्यामुळे ते सिम चालू ठेवणे आवश्यकच आहे. नकाशासाठी गूगलवर अवलंबून राहू नये. चीनमधल्या नकाशांची निर्देशांक पद्धत वेगळी असल्यामुळे गूगलवर आपली जागा काही शे मीटर सरकलेली दिसू शकते. आयफोनचा स्वतःचा नकाशा तेथे नीट चालतो. अन्यथा अमॅप हे चिनी नकाशाचे ॲप घ्यावे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवावी.

प्रदर्शन होंगछ्याओकडच्या राष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात असेल तर ते मेट्रोच्या 2 क्रमांकाच्या मार्गावर आहे. तरीही मुक्काम तिकडे न करता त्याच मार्गावर जनता चौक (पीपल्स स्क्वेअर) किंवा जिंगआन मंदिर या स्थानकांच्या आसपास करावा. प्रदर्शनाच्या दिवसांत प्रवास थोडा वाढेल, पण संध्याकाळी उतरल्यावर शहर दाराशी असेल. 1993 मध्ये सुरू झालेली शांघायची मेट्रो आज 800 किलोमीटरहून अधिक पसरली आहे, फलक इंग्रजीतही आहेत आणि भाडे 3 युआनपासून सुरू होते. प्रत्येक स्थानकात पिशव्या यंत्रातून तपासल्या जातात. रात्री साडेदहानंतर अनेक मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या निघून जातात, तेव्हा अलीपेमधूनच ‘दीदी’ या टॅक्सीसेवेची गाडी बोलवावी. तीन दिवसांसाठी 2 आणि 10 हे दोनच मार्ग लक्षात ठेवले तरी पुरे. दहावा मार्ग वर सांगितलेल्या चारांपैकी तीन शहरांच्या पोटातून जातो.

पहिल्या दिवशी सकाळी दहाव्या मार्गाने लाओशीमेन स्थानकावर उतरावे. हे जुन्या पश्चिम वेशीचे ठिकाण. नकाशा उघडून पाहिलात तर रेनमिन आणि चोंगहुआ हे दोन रस्ते मिळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढतात असे दिसेल. समुद्री चाच्यांपासून संरक्षणासाठी 1553 मध्ये बांधलेला तट येथे होता. 1912 मध्ये तो पाडायला सुरुवात झाली आणि त्याच्या जागी हा गोल रस्ता आला. तटाचा एक लहान तुकडा दाजिंग रस्त्यावरच्या मंडपापाशी अजून आहे. वर्तुळाच्या आत गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत आणि बाहेर पाऊल टाकताच रस्ते सरळ होतात, हा फरक पायांना लगेच कळतो. गेल्या काही वर्षांत येथील अनेक गल्ल्यांतली कुटुंबे दुसरीकडे हलवण्यात आली आहेत आणि दारे-खिडक्या विटांनी बुजवलेली दिसतात. काही गल्ल्यांत मात्र बांबूच्या काठीवर वाळत घातलेले कपडे, दारातच भाजी निवडणाऱ्या आजी आणि सामाईक नळ अजून आहेत. ही लोकांची राहती घरे आहेत, म्हणून छायाचित्र काढण्यापूर्वी मान डोलावून परवानगी घ्यावी.

वर्तुळाच्या ईशान्य भागात युयुआन बाग आहे. मिंग काळातल्या पान युनतुआन या अधिकाऱ्याने आपल्या वृद्ध वडिलांसाठी 1559 मध्ये ती बांधायला घेतली आणि 1577 मध्ये ती पूर्ण झाली. बागेभोवतीचा बाजार जुना दिसत असला तरी बराचसा नव्याने बांधलेला आहे. त्यात फार वेळ घालवू नये. बागेत मात्र दार उघडताच जावे, कारण दहानंतर मोठे गट येतात. बाग केवळ दोन हेक्टरांची आहे, पण भिंती, दालने आणि खडक अशा रीतीने मांडले आहेत की एका जागेवरून पुढची जागा पूर्ण दिसत नाही. भिंतींच्या माथ्यावरून सरपटणारे ड्रॅगन पाहावेत आणि ‘युलिंगलोंग’ नावाच्या, सर्वांगाला भोके असलेल्या उंच शिळेपाशी थांबावे. सुझौला न गेल्याची खंत येथे बरीचशी भरून निघते.

तेथून नदीकडे चालत गेले की पंधरा-वीस मिनिटांत बंडवर पोहोचता येते. ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावरची ही परकीय बँका आणि कंपन्यांच्या इमारतींची रांग बहुतेक जण रात्री, समोरच्या काठावरच्या दिव्यांकडे तोंड करून पाहतात. मी आग्रहाने सांगेन की आधी दिवसा, नदीकडे पाठ करून ती पाहावी. सीमाशुल्क कार्यालयाच्या 1927 च्या घड्याळमनोऱ्याशेजारी घुमट असलेली 1923 ची इमारत आहे ती हाँगकाँग अँड शांघाय बँकेची. आज तिथे चिनी बँक आहे. बँकेच्या कामाच्या वेळेत आत जाऊन प्रवेशदालनाच्या मध्यभागी उभे राहावे आणि वर पाहावे. अष्टकोनी घुमटाच्या आठ बाजूंवर बारीक रंगीत तुकड्यांच्या जडावकामात आठ शहरे काढली आहेत: लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो, बँकॉक, हाँगकाँग, शांघाय आणि आपले कलकत्ता. हे काम 1950 च्या दशकात गिलाव्याखाली झाकले गेले आणि 1997 मध्ये दुरुस्तीच्या वेळी पुन्हा उघडे झाले. पहारेकरी छायाचित्रांना मनाई करतात, त्यामुळे मोबाइल खिशातच ठेवावा.

याच रांगेत उत्तरेला हिरव्या तांब्याचे पिरॅमिडसारखे छत असलेली इमारत आहे, ती 1929 चे सासून हाऊस, आजचे पीस हॉटेल. आपण पुण्याचे असल्याने ही इमारत आपल्याला परकी वाटू नये. बगदादहून 1832 मध्ये मुंबईला आलेल्या डेव्हिड सासून यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले. 1864 मध्ये ते पुण्यातच वारले आणि लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे चिरंजीव इलियास 1844 मध्ये चीनला गेले आणि त्यांच्याच वंशातल्या व्हिक्टर सासून यांनी पुढे हे हॉटेल बांधले. या संपत्तीचा मोठा भाग कापूस आणि माळव्याची अफू यांच्या व्यापारातून आला होता. मुंबई बंदरातून गेलेल्या त्या अफूने चीनमध्ये किती घरे उद्ध्वस्त केली हे लक्षात ठेवून या रांगेपुढे उभे राहावे असे मला मनापासून वाटते; त्याशिवाय बंड ही केवळ सुंदर दर्शनी भिंत राहते.

बंडच्या उत्तर टोकाला सुझौ खाडीवरचा 1907 चा लोखंडी वायपाइतू पूल लागतो. वेळ असेल तर खाडीच्या काठाने पश्चिमेकडे चालत जावे. पूर्वी गोदामांनी अडवलेला हा काठ आता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला आहे. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी बाराव्या मार्गावरच्या थिलानछ्याओ स्थानकाजवळचे ज्यू निर्वासितांचे संग्रहालय पाहावे. नाझी राजवटीतून सुटलेल्या सुमारे वीस हजार ज्यूंना या शहराने आसरा दिला होता, आणि संग्रहालय 1927 पासून त्यांच्या प्रार्थनेचे ठिकाण असलेल्या ओहेल मोशे या सिनेगॉगमध्येच आहे. नानजिंग रस्त्याची पायी बाजारपेठ बंडहून परतताना आपोआप पाहून होते. तिच्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवू नये.

नदी मात्र ओलांडावी ती साध्या बोटीने. पर्यटकांच्या सजवलेल्या बोटींचे तिकीट शंभर युआनच्या पुढे असते. बंडच्या दक्षिणेकडून पलीकडच्या तुंगछांग रस्त्याच्या धक्क्यावर जाणारी नागरिकांची फेरीबोट 2 युआनांत तेच पाणी आणि तेच दोन्ही काठ दाखवते. नोव्हेंबरमध्ये सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारला धक्क्यावर असावे. दिवे लागेपर्यंत पुडोंगच्या काठावर फिरावे आणि मग बंडकडे पाहावे. रोषणाई रात्री दहाच्या सुमारास बंद होते. पुडोंगच्या लुजियाझुई भागात चार मनोरे जवळजवळ उभे आहेत: 1994 चा 468 मीटरचा ओरिएंटल पर्ल, 1999 चा 88 मजल्यांचा जिनमाओ, 2008 चे 492 मीटरचे वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आणि 632 मीटरचा शांघाय टॉवर. वर जायचे असेल तर एकाच मनोऱ्यावर जावे. शांघाय टॉवरचे निरीक्षण दालन 118 व्या मजल्यावर, साधारण 546 मीटर उंचीवर आहे. परंतु ढग खाली उतरलेले असतील तर तेथून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून तिकीट आधी काढू नये. त्या दिवशी खालून मनोऱ्याचे टोक स्पष्ट दिसते आहे याची खात्री करून मगच काढावे.

दुसरा दिवस पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीसाठी ठेवावा, आणि माझ्या मते तीन दिवसांतला सर्वांत समृद्ध दिवस हाच आहे. सकाळी लवकर जियाओतोंग विद्यापीठ स्थानकावर उतरून वुकांग इमारतीपाशी यावे. जहाजाच्या नाळेसारखी निमुळती दिसणारी ही 1924 ची निवासी इमारत लाझ्लो हुदेक या वास्तुविशारदाची आहे. नऊनंतर समोरचा कोपरा छायाचित्रे काढणाऱ्यांनी भरून जातो. तेथून वुकांग रस्त्याने उत्तरेला आणि मग आनफू रस्त्याने चालावे. शहराने 64 रस्ते कधीही रुंद करायचे नाहीत असे ठरवून जपले आहेत आणि त्यांतले बरेच या भागात आहेत. दोन्ही बाजूंच्या चिनार वृक्षांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात. आपण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असाल तर पाने पिवळी झालेली असतील, आणि काही ठरावीक रस्त्यांवर ती मुद्दाम झाडली जात नाहीत.

घाई नसेल तर पूर्वेकडे फुशिंग पार्कपर्यंत पायी यावे, अन्यथा दहाव्या मार्गाने दोन-तीन स्थानके जावे. 1909 मध्ये फ्रेंचांनी खुल्या केलेल्या या बागेत सकाळी निवृत्त मंडळी जोडीने नाचतात, ताई-ची करतात, पत्त्यांचे डाव मांडतात. बाकावर अर्धा तास बसून राहावे. कोणी बोलावले तर आपणही दोन पावले नाचायला हरकत नाही. पुढे सिनान रस्त्यावरून शिंतियांदीला पोहोचता येते. दगडी चौकट, तिच्यात काळी लाकडी दारे, आत लहान अंगण आणि मागे दुमजली घर, अशा ‘शिकूमेन’ घरांच्या रांगा हे शांघायचे खास घरबांधणीचे रूप आहे. शिंतियांदीत त्या घरांची दर्शनी रूपे राखून आत उपाहारगृहे आणि दुकाने केली आहेत, पण त्याच वस्तीत 1921 च्या जुलैमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन जिथे सुरू झाले ते घर जपलेले आहे. पोलिसांना सुगावा लागल्यावर प्रतिनिधींना तेथून निघून शेवटची बैठक च्याशिंगच्या तलावात बोटीवर घ्यावी लागली. प्रवेशासाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. शहरातल्या बऱ्याच संग्रहालयांत तो लागतो.

हा दिवस शनिवार किंवा रविवार असेल तर दुपारी जनता चौकाशेजारच्या बागेत जावे. उघड्या छत्र्यांवर कागद चिकटवून आई-वडील आपल्या मुलामुलींचे वय, उंची, शिक्षण आणि पगार मांडून बसलेले असतात. आपल्याकडचा वधू-वर मेळावा झाडाखाली भरावा तसे हे दृश्य आहे.

तिसऱ्या दिवशी पुडोंगमधील शांघाय संग्रहालयाची नवी पूर्व इमारत पाहावी. ती 2024 मध्ये खुली झाली आणि दुसऱ्या मार्गावरच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालय स्थानकाजवळ आहे. प्राचीन कांस्यपात्रांसाठी हे संग्रहालय जगभर नावाजलेले आहे. यंत्रे घडवणाऱ्या माणसाने तीन हजार वर्षांपूर्वीचे ते ओतकाम जवळून पाहिलेच पाहिजे. सुटीचा वार आधी पाहून घ्यावा. दुपार मोकळी ठेवावी आणि आवडलेल्या एखाद्या भागात पुन्हा जावे.

जेवणाचा प्रश्न आपण समजता त्याहून सोपा आहे, पण काळजी घ्यावी लागते. भाजीच्या पदार्थात डुकराची चरबी, सुकी कोळंबी किंवा कोंबडीचा अर्क असणे तेथे सामान्य आहे, त्यामुळे केवळ ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडे, चरबी आणि कोंबडीची पूड नको, असे चिनीत लिहिलेले कार्ड मोबाइलवर ठेवावे. सर्वांत खात्रीची जागा म्हणजे बौद्ध परंपरेची उपाहारगृहे. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचे गोंगदेलिन 1922 पासून शाकाहारी आहे, आणि जेड बुद्ध मंदिरात स्वस्त शाकाहारी नूडल्स मिळतात. परंपरेने या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सकाळी रस्त्यावर गरम सोयादूध मिळते. शहराची ओळख असलेले शाओलोंगबाओ मात्र डुकराच्या मांसाचेच असतात. ते आपण चाखावेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. बंड आणि जनता चौक येथे तरुण मुले-मुली सफाईदार इंग्रजीत गप्पा मारून ‘चहाचा विधी’ पाहायला चला म्हणतात. तेथे बिल हजारो युआनचे होते, म्हणून नम्रपणे नकार देऊन पुढे चालावे. आणि वाहतूक उजव्या बाजूने चालत असल्यामुळे रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने चुकीच्या दिशेला वळते. विजेच्या दुचाकी आवाज न करता, कधी पदपथावरूनही येतात, तेव्हा हिरवा दिवा असला तरी दोन्हीकडे पाहावे.

व्हिसा भारतीय पासपोर्टवर आधी काढावाच लागतो, आणि पत्नींचा अर्ज स्वतंत्र करावा. अमेरिकेसारख्या काही देशांच्या पासपोर्टवर तिसऱ्या देशात पुढे जाणाऱ्यांना 240 तास व्हिसाविना राहता येते; ती सवलत भारतीय पासपोर्टला नाही. परतीचे विमान पुडोंगहून असेल तर दुसऱ्या मार्गाने जनता चौकातून तासाहून अधिक वेळ धरावा. लोंगयांग रस्ता स्थानकापासून मॅग्लेव्ह या चुंबकीय गाडीने उरलेले 30 किलोमीटर आठेक मिनिटांत संपतात आणि त्याच दिवसाचे विमानाचे तिकीट दाखवल्यास 50 ऐवजी 40 युआन पडतात. विमान पहाटेचे असेल तर मेट्रो आणि ही गाडी दोन्ही बंद असतात, म्हणून आदल्या रात्रीच दीदीची गाडी ठरवून ठेवावी.